नत्र राहू द्या, निकेल अडवा

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
इलेक्ट्रॉनिक सिटी औद्योगिक नगर प्राधिकरण, बेंगळुरू

विषय : प्रक्रिया केलेले सांडपाणी भातशेतीला देण्याबाबत



या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. ही मराठी प्रत मुद्दाम छापायला दिली, कारण आपल्या हद्दीतल्या काचेच्या इमारतींत मराठी माणूस पुष्कळ आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे सातबारे अजून भोर, मुळशी, आजरा, चंदगडकडे आहेत. तिकडे भाऊ खरिपात युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीच्या दारात उभा असतो. इकडे हा पठ्ठ्या तोच युरिया, अगदी तोच रेणू, दिवसातून चार वेळा फ्लश करून पुन्हा संगणकासमोर जाऊन बसतो. त्यालाही हा व्यवहार कळावा.

मी इथल्या काही आवारांमधले एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संच, चालवण्याचे काम करतो. घर आजऱ्याकडचे, घनसाळ भात पिकवणारे. पाइपाचे तोंड पाहिले आहे, तसे पाटाचेही. म्हणून या भागात अधूनमधून जे बोलणे निघते ते मी कान देऊन ऐकतो : उद्योगांचे पाणी शुद्ध करून खालच्या भातखाचरांना सोडा, पाण्याबरोबर नत्र आणि स्फुरदही जाईल, शेतकऱ्याचे खत वाचेल, तलाव भरतील.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कल्पना चांगली आहे. पण ज्याला आपण सरसकट ‘औद्योगिक सांडपाणी’ म्हणतो त्यात दोन पाणी आहेत. एकाला खत म्हणून खुशाल शेतात जाऊ द्यावे. दुसऱ्याला शेताच्या वाऱ्यालाही उभे राहू देऊ नये. आणि आज आपले नियम असे की पहिल्यातले नत्र विजेचे बिल भरून काढावे लागते, तर दुसऱ्यातल्या धातूंबद्दल, शेतीचा प्रश्न येतो तिथे, नियम गप्प आहेत.

पहिल्या पाण्यापासून सुरुवात करतो. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने १९७८ साली ही वसाहत उभी करायला घेतली, तेव्हा महामंडळाचे प्रमुख आर. के. बालिगा यांच्या मनात इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने होते. कारखाने आले, अजून काही आहेत. पण पुढे वसाहत भरली ती मुख्यतः सॉफ्टवेअरने. या कंपन्यांचा माल तारेतून जातो. त्यांच्या गटारात पडते ते माणसांचे मूत्र, कँटीनमधले भांडी धुतलेले पाणी आणि फरशी पुसलेला फिनेल. कागदावर क्षेत्र औद्योगिक, नाल्यात मात्र सांबार.

त्यातही कार्यालयाचे सांडपाणी घरच्यापेक्षा वेगळे असते, हे एसटीपीवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. घरात आंघोळ असते, कपडे असतात, बादल्याच्या बादल्या साबणपाणी मूत्र पातळ करते. कार्यालयात कोणी आंघोळ करत नाही. त्यामुळे आमच्या टाकीत येणाऱ्या पाण्यात अमोनिया चढा असतो, आणि तो उतरवता उतरवता ऑपरेटरच्या नाकी नऊ येतात. एक किलो अमोनियाचे नत्र जिवाणूंकडून नायट्रेटमध्ये बदलून घ्यायला साडेचार किलोंहून अधिक प्राणवायू पाण्यात ढकलावा लागतो. ब्लोअर रात्रंदिवस चालतात ते बरेचसे यासाठी. पुढच्या टाकीत त्याच नायट्रेटचा वायू करून तो आकाशात सोडायचा. आकाशात आधीच अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आहे, त्यात आमची भर. मग देशात दुसरीकडे कुठेतरी नैसर्गिक वायू वापरून, प्रचंड दाबाखाली तेच नत्र हवेतून पुन्हा खाली ओढायचे, त्याचा युरिया करायचा, सरकारने त्यावर अनुदान द्यायचे आणि पंचेचाळीस किलोचे पोते शेतकऱ्याला अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत विकायचे. स्फुरदाचा दगड आपण बहुतांशी बाहेरून आणतो, पालाश तर जवळजवळ सगळेच. एवढा उपद्व्याप दुसऱ्या कोणत्या कच्च्या मालासाठी आपण करत असू असे वाटत नाही.

आता हिशेब मांडतो. मोठ्या एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण नत्र लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, ही अट आपल्याकडे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये हाच आकडा देशासाठी धरला. भाताच्या एका पिकाला हेक्टरी साधारण १०,००० घनमीटर पाणी लागते. लिटरला १० मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरला १० ग्रॅम. गुणाकार केला की हेक्टरी १०० किलो नत्र. ओलिताच्या भाताला कर्नाटकात शिफारस केली जाते ती साधारण एवढीच. एकराचा हिशेब केला तर दोन पोती युरिया. म्हणजे आपण ज्याला पूर्ण शुद्ध म्हणून प्रमाणपत्र देतो तेही भातापुरते खताचेच पाणी आहे. खाचरात सगळे नत्र रोपाला मिळत नाही; काही हवेत उडते, काही खाली झिरपते. तरी निम्मे लागू पडले तरी एकरामागे एक पोते वाचले. खरिपात अर्धी गरज पाऊस भागवतो, तेव्हा पाण्यात १० च्या जागी २० मिलिग्रॅम राहिले तरी चालण्यासारखे आहे, आणि १० ते २० यांच्यातला फरक म्हणजे ब्लोअरचे कित्येक तास.

हा विचार बेंगळुरूला नवा नाही. ज्या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीवर आपले बरेचसे एसटीपी चालतात ती १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी जाहीर केली. त्यांच्यामागची प्रेरणा गिल्बर्ट फाउलर यांची, आणि हे फाउलर १९१६ साली इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यांचा ध्यास एकच होता : मैल्यातले नत्र वाया न घालवता शेतापर्यंत कसे न्यायचे. नत्राच्या जतनाच्या जीवरसायनशास्त्रावर त्यांनी १९३४ साली पुस्तकही लिहिले. पद्धत आपण घेतली, सगळ्या जगाने घेतली. ध्यास मात्र मल्लेश्वरमच्या पलीकडे, संस्थेच्या ग्रंथालयातच राहिला.

पण भात हे पीक या कामाला सरळ नाही. नत्र जास्त झाले की पात हिरवीगार, दाट वाढते, पाहणाऱ्याला वाटते काय पीक आहे! मग करपा येतो, तुडतुडे येतात, आणि दाणा भरायच्या वेळी एका पावसात सगळे लोळते. आमचे घनसाळ उंच वाढणारे वाण. त्याला हात सैल सोडून युरिया दिला की लोंब्या चिखलात आणि मळणीत पळिंजच जास्त, हे आजऱ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शिवाय पोत्यातला युरिया शेतकरी आपल्या मर्जीने देतो : थोडा लावणीला, थोडा फुटव्याला, थोडा पोटरीच्या आधी. पाटाच्या पाण्यातले नत्र असे थांबत नाही. दाणा पिकू लागला तरी ते येतच राहते.

याचे जिवंत उदाहरण शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. बिडदीजवळचा बैरमंगल तलाव. वृषभावती नदी पश्चिम बेंगळुरूचा मैला आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे पाणी घेऊन त्यात येते. त्या तलावाखाली पूर्वी भात होता. पाणी बदलले तसा भात नुसता वाढू लागला, पिकेना. शेतकऱ्यांनी हळूहळू चाऱ्याचे गवत, तुती, बेबी कॉर्न यांच्याकडे मोर्चा वळवला. गवत गायींना आणि दूध शहराला. खाचराने स्वतःच दिलेला हा अहवाल आहे आणि तो कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा मला जास्त पटतो.

जपानने या दोषाचाच उपयोग करून घेतला. यामागाता विद्यापीठाच्या त्सुरुओकामधल्या शेतकी विभागात शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सतत खेळवून भात घेतला गेला, आणि दाण्यात प्रथिने वाढली. जेवणाच्या भाताला जपानी माणूस असे प्रथिन वाढलेले तांदूळ नाकारतो, चव बिघडते म्हणतो. म्हणून त्यांनी जनावरांच्या खाद्याचा भात घेतला. तिथे जास्त प्रथिने म्हणजे जास्त भाव. कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टर पाणथळीत शहराचा मैला आधी माशांच्या तळ्यांत मुरतो आणि मगच भाताकडे जातो. २००२ साली तिला रामसर दर्जा मिळाला. दोन्हीकडे पाणी थेट ताटातल्या भातावर सोडलेले नाही. मध्ये कोणीतरी आहे, बैल किंवा मासा.

इथवरचे सगळे पहिल्या पाण्याबद्दल झाले. ते त्रासदायक आहे, पण समजण्यासारखे आहे, आणि शेतकरी ते सांभाळू शकतो.

दुसरे पाणी तसे नाही. आपल्या हद्दीला लागूनच हेब्बगोडी, बोम्मसंद्र, पुढे जिगणी, अत्तिबेले. तिथे औषधांचे कारखाने आहेत, धातूवर मुलामा चढवणारी लहान युनिटे आहेत, सर्किट बोर्डाचे तांबे आम्लात धुणारी आहेत. आपल्या हद्दीतही इलेक्ट्रॉनिक्सचे जुने कारखाने आहेत. या पाण्यात निकेल, क्रोमियम, तांबे, कधी कॅडमियम येते. जिवाणू अमोनिया खातात, साखर खातात, डाळीचे पाणी खातात. निकेल खात नाहीत. धातू एसटीपीत शिरला तर दोन वाटा : गाळात बसणे किंवा पाण्याबरोबर पुढे जाणे. तिसरी वाट म्हणजे जिवाणूंनाच मारून टाकणे, आणि मग टाकीवर फेस येतो.

आणि आपण मोजतो काय? महिन्याच्या नेहमीच्या अहवालात पीएच, बीओडी, सीओडी, गाळाचे कण, अमोनिया, एकूण नत्र आणि मैल्यातले जिवाणू. बीओडी म्हणजे जिवाणूंना खायला किती शिल्लक आहे त्याचे माप. निकेल त्यात दिसतच नाही. बीओडी ५ आलेला अहवाल पाहून अधिकारी खूश होतात, आणि ते पाणी भाताला दिले तर काय होईल याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नसते.

याहून मोठी गोष्ट कायद्यात आहे. पर्यावरण संरक्षण नियमांची सहावी अनुसूची १९९३ साली आली. तिच्यात सांडपाणी कुठे सोडायचे त्याप्रमाणे चार रकाने आहेत : नदी-नाले, सार्वजनिक गटार, सिंचनाची जमीन, समुद्रकिनारा. निकेलच्या ओळीत नदीसाठी लिटरला ३ मिलिग्रॅम, गटारासाठी ३, समुद्रासाठी ५, आणि जमिनीच्या रकान्यात आडवी रेघ. कॅडमियम, क्रोमियम, शिसे, तांबे, जस्त, सगळ्यांपुढे तीच आडवी रेघ. आर्सेनिक आणि सायनाइड यांचे आकडे दिलेले आहेत, बाकी धातूंचा रकाना रिकामा. नदीत सोडताना मोजा, समुद्रात सोडताना मोजा; शेतात सोडताना मोजायची सक्ती नाही.

रिकाम्या रकान्याची किंमत काढू. जागतिक अन्न व कृषी संघटनेची शिफारस सिंचनाच्या पाण्यात निकेल लिटरला ०.२ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतची आहे, तीही हेक्टरी वर्षाला १०,००० घनमीटर पाणी धरूनच. समजा कोणी नदीची मर्यादा, म्हणजे ३ मिलिग्रॅम, पाळून पाणी खाचरात सोडले. हेक्टरी वर्षाला ३० किलो निकेल. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन हेक्टरी सुमारे २,००० टन. ते निकेल तिथेच राहिले असे धरले तर माती दरवर्षी किलोमागे १५ मिलिग्रॅमने वाढत जाते. युरोपने १९८६ च्या निर्देशात शेतजमिनीत निकेलची मर्यादा ३० ते ७५ ठेवली आहे. म्हणजे कायद्याचा एकही नियम न मोडता दोन ते पाच खरिपांत तिथे पोहोचता येते. नत्राचे उलट आहे : या वर्षी जास्त झाले तर पुढच्या वर्षी कमी देता येते. धातू मातीतून निघत नाही.

हे किती महाग पडते ते जपानलाच विचारा. तोयामा प्रांतात जिन्झू नदीला कामिओका खाणीचे कॅडमियम मिळत होते आणि त्याच नदीवर भाताची खाचरे होती. तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः वय झालेल्या बायकांची, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. ‘इताई-इताई’, म्हणजे दुखतेय-दुखतेय, असे त्या रोगाचे नावच पडले. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. खाचरांची माती बदलायचे काम १९७९ ला सुरू झाले ते २०१२ ला संपले. भाताची एक खोड यात आणखी घोळ घालते. खाचरात पाणी उभे असते तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते; कापणीआधी पाणी तोडले, माती वाळली की ते मोकळे होते आणि नेमके दाणा भरताना मुळांतून वर चढते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने पाणी वाचवणारा एरोबिक भात आणला आणि तो या कोरड्या पठाराला योग्यही आहे, पण धातू असलेल्या पाण्यावर तो घेणे धोक्याचे. उद्या कोणी ‘कमी पाण्यात, सांडपाण्यावर’ अशी दुहेरी योजना घेऊन आपल्याकडे आला तर हे ध्यानात असू द्या.

मी हे सगळे घाबरवायला लिहीत नाही. आपल्या दारातले चंदापुरा पाहा. होसूर रस्त्याने इथून निघाले की गाडी चौथ्या गिअरमध्ये येते न येते तोच ते येते. तिथल्या तलावात उद्योगांचे आणि वस्तीचे पाणी गेल्याबद्दल हरित लवादाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटक सरकारला ५०० कोटींची भरपाई ठोठावली. तिथेही दोन्ही पाणी एकत्रच गेले होते. नुसता मैला गेला असता तर जलपर्णी वाढली असती, दुर्गंधी सुटली असती, आणि पाच-सात वर्षांच्या कष्टाने तलाव सुधारला असता. त्यात कारखाना मिसळला की तो मैलाही कशाच्या उपयोगाचा राहत नाही. आनेकल तालुक्यातली ही तलावांची साखळी पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळते, आणि ती होसूरला केलवरपल्लीच्या धरणात. तिथे पावसाळ्यात पांढऱ्या फेसाचे ढीग वाहताना तमिळ वाहिन्यांवर दिसतात. आपले पाणी तीन भाषांतल्या शिव्या खाऊन मगच समुद्राला जाते.

कोलारचा अनुभवही आपल्या उपयोगाचा आहे. कोलार आणि बेंगळुरू दोन्ही शहाजीराजांच्या जहागिरीतले, त्यामुळे आम्हा मराठी लोकांना त्या नावाची उगाच जवळीक वाटते. तिथे बोअर हजार-दीड हजार फुटांवर गेलेल्या. २०१८ च्या जूनमध्ये बेंगळुरूच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातले प्रक्रिया केलेले पाणी लक्ष्मीसागर तलावात पोहोचले. योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. महिन्याभरात तलावावर फेस आला, जुलैत उच्च न्यायालयाने पाणी थांबवले, मग सुरू झाले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तीही पुढे उठली. आज कोलारच्या विहिरींना पाणी आहे, हे मी त्या योजनेच्या टीकाकारांनाही सांगतो. पण ते पाणी भूजल भरण्यासाठी म्हणून दिले, थेट शेताला नव्हे, आणि प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यावर थांबवली. सगळा वाद त्या तिसऱ्या टप्प्याभोवती फिरत राहिला. माझ्या मते वादाची जागाच चुकली. तिसरा टप्पा गढूळपणा आणि स्फुरद काढतो. धातू येऊच नये यासाठी टप्पा लागत नाही, दुसरा पाइप लागतो.

दुसरा अनुभव पुण्याचा : मुंढव्याला जॅकवेलमधून शहराचे पाणी उचलून जुन्या बेबी कालव्याने लोणी, उरुळी, यवतकडे दिले जाते. साडेसहा टीएमसीचा तो व्यवहार आहे, त्या बदल्यात पुण्याने खडकवासल्याचे पाणी प्यायचे. कालव्याला येते ते काय दर्जाचे, यावरून शेतकरी आणि महापालिका यांचे भांडण जुने आहे. मला त्यात एक गोष्ट खटकते : पाणी देणारा आणि पाणी तपासणारा शहराच्या बाजूचा, पाणी घेणाऱ्याच्या हातात अहवालच नाही. इथे तसे होऊ नये एवढ्यासाठी हे पत्र.

आता आपण काय करू शकता ते लिहितो. सरकारने काय करावे हे नाही, कारण ते लिहून मी म्हातारा होईन. आपण स्वतः नगर प्राधिकरण आहात, २०१३ पासून. गटारे आपली, परवानग्या आपल्या, कर आपला. प्रत्येक आवाराच्या सांडपाण्याच्या जोडण्या तपासा. संडास-कँटीनची वाहिनी आणि धुण्या-मुलाम्याची वाहिनी कुठे एकत्र होते ते रंग टाकून पाहता येते. आमच्या धंद्यात ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. ज्या आवारात ती एकत्र होते त्याचे पाणी शेतीच्या योजनेत घेऊच नका, त्याचा एसटीपी कितीही चकचकीत असो. उरलेल्या आवारांशी पाण्याचा करार करताना अनुसूचीतला तो रिकामा रकाना कराराच्या कागदावर आपण भरा. अन्न व कृषी संघटनेचे आकडे तयार आहेत, केंद्र सरकारची वाट पाहायला नको.

आणखी एक चोर आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बोअरचे जड पाणी मऊ करायला आवारांमध्ये सॉफ्टनर असतात, आणि ते मिठाने धुतले जातात. ते खारे पाणी, तसेच आरओने टाकलेले पाणी, गुपचूप एसटीपीत जाते. प्रक्रियेने मीठ जात नाही. असे पाणी दोन-चार वर्षे घेतलेली जमीन सिमेंटसारखी आळते आणि शेतकरी म्हणतो रान चोपण झाले. हे पाणी वेगळे टाकीत घ्यायला लावणे आपल्या एका परिपत्रकाचे काम आहे. क्षारता मोजणारे मीटर वाहिनीच्या तोंडाशी कायमचे बसवले तर मिठाची चोरीही पकडली जाईल आणि एखाद्या कारखान्याने रात्री सोडलेले आम्लही, कारण दोन्हीत काटा उडतो.

लावणीच्या बायकांचा विचार या सगळ्या चर्चेत कुठेच येत नाही. त्या दिवसभर पोटरीभर पाण्यात वाकून उभ्या असतात, हाताने चिखल चाचपतात, तोच हात तोंडाला लावून घाम पुसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सिंचनाच्या पाण्यात लिटरला कृमीचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे म्हटले आहे. आपल्या अहवालात कृमीच्या अंड्यांचा रकानाही नाही. तो घाला, आणि शेतात उतरणाऱ्या बाईला गमबूट, वर्षातून जंताचे औषध, हा खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात धरा. ब्लोअरच्या विजेपेक्षा तो कमीच निघेल.

पहिली दोन-तीन वर्षे खाण्याचा भात नको. चारा, तुती, किंवा बियाण्यासाठी भात घ्या, मंड्याच्या व्ही. सी. फार्म या कृषी संशोधन केंद्राची किंवा कृषी विद्यापीठाची माणसे सोबत घ्या, आणि कापणीच्या वेळी पाणी नव्हे, दाणा तपासा. आंतरराष्ट्रीय अन्न संहितेत सडीच्या तांदळात कॅडमियम किलोला ०.४ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आपल्या दाण्यात किती येते ते तलावाच्या मोरीपाशी कन्नडमध्ये फलक लावून लिहा. आणि वाहिनीला झडप अशी ठेवा की ती बंद करायचा अधिकार शेतकऱ्याकडे असेल. भात पोटरीत आला, आता नत्र नको, असे तो म्हणाला तर त्या दिवशी पाणी दुसरीकडे, इथल्या झाडांना, संडासाच्या टाक्यांना, बांधकामाला गेले पाहिजे. कावेरीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात याच शहरात प्यायच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड होता. प्रक्रिया केलेले पाणी इथे जिरवायला जागा कमी नाही.

आनेकलकडे खरिपाची लावणी जुलै-ऑगस्टला होते. त्याआधी दोन गोष्टी जाहीर करा : आपल्या हद्दीतल्या सांडपाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा, आणि प्रत्येक मोठ्या आवाराच्या पाण्यातल्या सात धातूंचा एक अहवाल. नमुने भरायच्या बाटल्या, त्यात टाकायचे नायट्रिक आम्ल आणि पहाटे तीन वाजता, म्हणजे जेव्हा काहीजण टाक्या रिकाम्या करतात तेव्हा, नाल्याशी उभा राहणारा माणूस, हे तिन्ही मी देतो. प्रयोगशाळेचे बिल मात्र आपण भरावे.

कळावे,

आपला,
इलेक्ट्रॉनिक सिटीतला एक एसटीपीवाला